ताटातलं कुर्त

मेरुएर्तची कलादालनातली नोकरी पक्की होणार की नाही हे शनिवारी कळणार होतं, आणि नेमक्या त्याच शनिवारी तिच्या सासूबाईंनी ते दालन बघायला यायचं ठरवलं.

कझाकस्तानातल्या अल्माटी शहरातली सगळी संग्रहालयं त्या दिवशी फुकट होती. कुल्पाशबाई आणि त्यांची शेजारीण झाउरे सकाळीच ट्रॉलीबसने निघाल्या. मोठ्या संग्रहालयात कुल्पाशबाई काचेमागच्या एका रंगीत संदुकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आपली याहून बरी होती," त्या म्हणाल्या. "माझ्या दिरानं तिच्यात कोंबड्या ठेवल्या."

"काचेत ठेवली असतीस तर तिकीट लावता आलं असतं," झाउरे म्हणाली.

चित्रांच्या संग्रहालयात त्यांनी मेंढ्यांचा एक मोठा कळप पाहिला आणि त्यांची लोकर कापायला उशीर झालाय यावर दोघींचं एकमत झालं. बस लागू नये म्हणून वाटेत दोघी कुर्त चघळत होत्या. दही खारवून, गोळे करून, उन्हात दगड होईपर्यंत वाळवायचं, ते कुर्त. कुल्पाशबाई ते घरी करत आणि रोज सकाळी मूठभर सुनेच्या पिशवीतही टाकत. "दुपारी तोंडात धर. डोकं जागेवर राहतं," असं सांगत. लग्नाला दोन वर्षं झाली, पण यात खंड पडला नव्हता.

सुनेचं दालन त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथे साबिर नावाच्या एका मोठ्या कुंभार-कलाकाराचं प्रदर्शन दुपारी उघडलं होतं. स्वतः साबिर संध्याकाळी येणार होते. मेरुएर्त काळे कपडे घालून लोकांना मडक्यांबद्दल काहीतरी समजावत होती. कुल्पाशबाईंना त्यातलं फारसं कळलं नाही, पण लोक ऐकत होते हे त्यांनी पाहिलं.

मग त्या खाण्याच्या टेबलाकडे वळल्या. बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर गोळे होते, सुका मेवा होता, आणि शेजारच्या बुटक्या चौरंगावर लाकडी ताटात पांढऱ्या कुर्तची रास होती. ताटापुढची 'हात लावू नये' ही पाटी चहाच्या समोवारला जागा करताना कुणीतरी पडद्यामागे सरकवली होती.

मेजवानीहून रिकाम्या हातानं परतणं कुल्पाशबाईंच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. घरच्यांसाठी थोडं बांधून न्यायचंच. तरी रीत म्हणून त्यांनी दालनाच्या संचालिकेला विचारलं, "थोडं नेलं तर चालेल ना?"

संचालिका फोनवर होती. टेबलाकडे हात करून ती म्हणाली, "न्या, न्या. उरलंय ते सगळं न्या."

कुल्पाशबाईंनी थोडे बाउर्साक घेतले आणि रुमालभर कुर्त. कुर्त हाताला गार लागलं. थंड जागी ठेवलं असणार, लोक व्यवस्थित दिसतात, असं त्यांना वाटलं.

परतीच्या ट्रॉलीबसमध्ये झाउरेनं एक गोळा तोंडात टाकला. समोर एक सोन्याच्या दातांचे आजोबा बसले होते. त्यांनाही एक दिला, कारण कुर्त एकट्यानं खात नाहीत.

दोघांनी गोळे या गालातून त्या गालात फिरवले.

"कुल्पाश, याला मीठच नाही गं."

"शहरातल्या बायकांचं असंच."

"सुटतही नाहीये."

"चांगलं वाळलेलं आहे," आजोबा गाल फुगवून म्हणाले. कुणी दिलेल्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत, अशा वळणाचे ते होते. "सध्या असं मिळत नाही." हिरवा बाजार हा थांबा आला तसे आभार मानून, गोळा गालात धरूनच ते उतरले.

झाउरेनं आपला गोळा तळहातावर काढला आणि त्यावर नख मारलं. कपबशीवर मारल्यासारखा आवाज आला. उलटा केला, तर खाली बारीक शिक्का होता.

"अगं, ही माती आहे. भाजलेली."

कुल्पाशबाईंनी रुमाल सोडला. प्रत्येक गोळ्याखाली तोच शिक्का होता. त्यांनी मागे पाहिलं. दारं मिटली होती, आणि बाजाराच्या गर्दीत सोन्याच्या दातांचे आजोबा दिसेनासे झाले होते.

"पोरीची नोकरी गेली," त्या म्हणाल्या.

"अजून नाही गेली. ऊठ, उतरू."

पुढच्या थांब्यावर उतरून दोघी उलट्या बसमध्ये बसल्या. कुल्पाशबाईंनी सगळे गोळे बरोबरच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतले, पुसले, आणि हरवलेल्या गोळ्याच्या जागी आपल्या पिशवीतलं त्यातल्या त्यात गोल कुर्त निवडून ठेवलं.

दालनात शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. ताट भरलेलं होतं. शीग लागली होती.

मेरुएर्त शेजारीच उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"अपा, तुम्ही परत कशाला आलात?"

"हे द्यायला." कुल्पाशबाईंनी रुमाल दाखवला. "मग हे ताटात काय आहे?"

कुल्पाशबाईंनी वाकून एक गोळा उचलला. स्वतःच्या बोटांचे ठसे त्यांनी लगेच ओळखले.

"हे माझं आहे."

"ताट रिकामं दिसायला लागलं, अपा. माझ्या खणात होतं, ते ओतलं."

"एवढं?"

"साठलं होतं."

यावर बोलायला वेळ नव्हता. दोघींनी मिळून भाजलेले गोळे परत रचायला घेतले. रास ताटाबाहेर जाऊ लागली, वरचा एक गोळा घरंगळला आणि दगडी फरशीवर पडला. टप्प.

दारात साबिर उभे होते, मागे संचालिका. सगळं आयुष्य त्यांचं मातीची भांडी फुटताना ऐकण्यात गेलं होतं, आणि हा आवाज त्यातला नव्हता. ते चालत आले, गोळा उचलला, हातात तोलला, वास घेतला.

"ताट जरा जास्त भरलंय का?" संचालिकेनं विचारलं.

"बरं दिसतंय," साबिर म्हणाले. "आम्हाला थोडा चहा मिळेल?"

संचालिका चहा बघायला गेली. साबिरनी आवाज खाली आणला.

"किती गेले?"

"एकच," मेरुएर्त काही म्हणायच्या आत कुल्पाशबाई म्हणाल्या. "तो हिरव्या बाजाराला उतरला. चूक माझी आहे, साबिर आगाई. हिला काही बोलू नका."

"एकच?" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "गेल्या खेपेला निम्मं ताट गेलं होतं. परदेशात कुणी बोट लावत नाही, पण इथे दर वेळी लोक बांधून नेतात. गाडीत जादा गोळ्यांची गोणी घेऊनच फिरतो मी." मग त्यांनी हातातला गोळा पुसून तोंडात टाकला. चहा आला तरी त्यांचा गाल फुगलेलाच होता, त्यामुळे संचालिकेशी ते फक्त मान हलवून बोलले. ही मुलगी ठेवावी का, या प्रश्नालासुद्धा त्यांनी मानच हलवली, पण जोरात.

घरी जाताना बसमध्ये झाउरे झोपली. कुल्पाशबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"दोन वर्षांत एकही खाल्लं नाहीस?"

"पहिल्या दिवशी खाल्लं होतं, अपा."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं देता."

कुल्पाशबाईंनी रुमालाची घडी घातली. "मला वाटायचं, संपतंय. म्हणून सारखी करत बसते. गुडघे मोडले माझे त्या गच्चीच्या पायऱ्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरुएर्तची पिशवी हलकी होती. आत फक्त एक लहान पुडी होती, वर साबिर यांचं नाव. नोकरी मिळाल्याचं तिला काल बरं वाटलं होतं. मोकळा श्वास तिनं आज घेतला.