चेक-इन दुपारी दोननंतर

शुक्रवारी सकाळी कतारमधल्या अल खोरच्या खोलीत नसरुद्दीन परकार पलंगावर मांडी घालून स्वतःच्याच घराचे फोटो बघत होता. घर कोकणात होतं, हरवंडी बंदराला, अगदी समुद्रासमोर. पाच खोल्या, दोन गॅलऱ्या आणि माडाला बांधलेला झोपाळा. मालक मात्र केरबा ड्रायव्हरबरोबर एका खोलीत राहायचा, आणि त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी तेवढे दिसायचे.

रास लफानच्या गॅस प्लांटवर वीस वर्षं स्कॅफोल्डिंग उभं करून नसरुद्दीनने ते घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी टुरिस्टांसाठी ॲपवर टाकलं. आधी वरचा मजला गेला, मग दिवाणखाना, मग खालच्या खोल्या. बायको ताहेरुन्निसा सरकत सरकत मागच्या पडवीत पोचली. तिथे पंखा नव्हता. तिने तक्रार केली तेव्हा नसरुद्दीनने फोनवरून दोनच शब्दांत निकाल दिला, "सवय होते."

घरासाठी त्याने सात नियम केले होते आणि प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावले होते. नियम एक, स्थानिक ओळखपत्र चालणार नाही. गावातलेच लोक घर बघायला म्हणून येतील आणि चहा पिऊन जातील, ही त्याला भीती. नियम चार, बुकिंगमध्ये नाव नसलेल्या कुणीही रात्री थांबू नये. नियम पाच, चेक-इन दुपारी दोननंतर. एक मिनिट आधी नाही. नियम सहा, सुके बोंबील भाजू नयेत. हा सहावा नियम हरवंडीत ज्याने ज्याने वाचला, तो खाली बसून हसला.

प्लांटमध्ये फोन नेता येत नसे, म्हणून बुकिंग आपोआप मंजूर होईल अशी सोय त्याने केली होती. शिफ्ट संपली की लॉकरमधून फोन काढायचा आणि कॅलेंडरवरचे किती दिवस गुलाबी झाले ते मोजायचे. कोण येतंय, कुठून येतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दिवस गुलाबी झाला की तो खूश.

आज मात्र सकाळीच जियादचा फोन आला. जियाद त्याचा एकुलता एक मुलगा. हरवंडीच्या जेटीवर फेरीबोटीची तिकिटं फाडायचा आणि घरात जागा नसल्यामुळे तिकीटघरातच झोपायचा.

"अब्बा, घराचं काय झालं? रिफत आज मगरीबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत थांबणार. घर पक्कं झालं नाय तर निकाहची तारीख रद्द, असं तिनं तिच्या मामूंना सांगितलंय."

"बघतो ना! एवढी काय घाई?"

"एक महिना झाला तुमी बघताय."

रिफत ही हरवंडीच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. दोन वर्षांपूर्वी ती गावात बदलून आली तेव्हा तिने नसरुद्दीनकडे एक खोली भाड्याने मागितली होती. त्याने तिला आवाजी निरोप पाठवला होता, "बाई, आमच्याकडे ओळखदेख चालत नाय. घर पायजे त्यानं ॲपवरून यावं. सगळ्यांना एकच कायदा." बाकी कुणीही खोली दिली नाही. मग बिचारी रोज खाडीपलीकडून फेरीबोटीने ये-जा करू लागली. रोज दोन तिकिटं, असं दोन वर्षं. तिकिटं फाडता फाडता जियादने लग्न जमवलं. तिची अट एकच होती. शेवटची बोट सुटल्यावर बाळंतीण अलीकडे आणि नर्स पलीकडे, असा प्रकार दोनदा झाला होता. तिसऱ्यांदा तो तिला नको होता. लग्न करून जर गावातच यायचं, तर गावात राहायला घर हवं.

"मग आपलंच द्या की," फोनवर जियादच्या मागून ताहेरुन्निसाचा आवाज आला.

"डिसेंबर तोंडावर हाय! डिसेंबर म्हणजे सोनं. मी दुसरं घर बघतो."

आता गंमत अशी, की हरवंडीत घर हवं असेल तर हरवंडीत विचारून उपयोग नव्हता. समुद्राकडची चाळीस घरं कुलपात होती आणि त्यांचे मालक कतारमध्ये. हरवंडीतलं घर बघायचं तर दोह्याच्या बिन महमूद मोहल्ल्यात जावं लागे. केरबा कंपनीची बस चालवायचा. शुक्रवारी त्याला सुट्टी होती आणि मित्राची गाडी हाताशी होती.

"यल्ला, चला नसरूभाई," केरबा चावी फिरवत म्हणाला. "आमच्या लातुरात घर बघायला जातेत तर दार उघडून खोल्या बघतेत. तुमी मालकाचं तोंड बघायला पन्नास किलोमीटर जायलाव."

नसरुद्दीनची जुम्म्याची नमाज झाल्यावर दोघं उसामाकडे पोचले. उसामा बिन महमूदमध्ये एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. हरवंडीत त्याचं नसरुद्दीनच्या शेजारीच दुमजली घर होतं. नसरुद्दीनने एक खोली मागताच उसामा खुर्चीवर ताठ झाला.

"भाडेकरू? कायमचा? नसरूभाई, तुमीच तर इफ्तारीला प्रोजेक्टरचा पडदा लावून आमाला शिकवलंत. भाडेकरू म्हणजे घरात शिरलेली मांजर, टुरिस्ट म्हणजे अंडी देणारी कोंबडी. मी लिहून घेतलंय."

"ते जुनं झालं. आता माजी सून हाय रे!"

"म्हणून तर तुमाला दहा टक्के सूट देतो. दोन रात्री. आनि जाताना पाच स्टार द्यायचे."

"दोन रात्रींत संसार होतो काय?"

"माजा तेवढाच झालाय," उसामा म्हणाला. "चार वर्षांत मी माज्या घरात दोनच रात्री झोपलो. त्यापण पैसे भरून."

खाली येऊन नसरुद्दीनने बायकोला फोन केला आणि उसामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताहेरुन्निसाने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. गाडी सुरू होते न होते तोच फोन टिंगला. अख्खा डिसेंबर गुलाबी!

"बघ केरबा! म्हणून बोलत होतो, डिसेंबर सोनं हाय!"

"मुबारक," केरबा म्हणाला. "सुनंला कुठं ठिवायचं मग? गॅलरीत?"

पुढचं घर हसनमियाँचं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते दिलदार माणूस. त्यांनी चहा मागवला, सुनेचं कौतुक केलं आणि खोली द्यायला एका दमात कबूल झाले. नसरुद्दीनला भरून आलं. त्याने हसनमियाँना मिठीच मारली.

"फक्त एक," मिठीतूनच हसनमियाँ म्हणाले. "शुक्रवारी सकाळी अकराला खोली रिकामी करायची. सामान उचलून न्यायचं, चादर बदलून ठेवायची. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात. सोमवारी परत या, घर आपलंच हाय."

"आनि तीन रात्री ती कुठं जाईल?"

"माहेर कशासाठी असतं?"

केरबाच्या हातातला चहा हिंदकळला. "नसरूभाई, सून आणायलाव का शिफ्ट लावायलाव? आमच्या कंपनीतसुदिक अशी रोस्टर नाय!"

बाहेर पडून पुन्हा बायकोला फोन, पुन्हा उद्धार, पुन्हा तिचं "बरं". आणि पाच मिनिटांत पुन्हा टिंग. जानेवारी गुलाबी! या खेपेला नसरुद्दीन मोठ्याने हसला नाही. त्याने फोन खिशात टाकला आणि घड्याळ बघितलं.

आता एकच आशा उरली होती, नूरीआपा. वयाने साठीच्या, लेकाकडे बिन महमूदमध्येच राहायच्या. ॲप, स्टार यातलं त्यांना काही कळत नसे. रिफतचं नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला.

"ती नर्स? माज्या बहिणीला सुई दिली तिनं, कळलंसुद्धा नाय. अरे, तिला माजं घर फुकट दिलं असतं!"

"खरंच आपा? मग द्या ना!"

"देऊ कुठून? घर हाय कुठं?"

"म्हणजे? तुमच्या घराला झालं काय?"

नूरीआपांनी चष्मा पुसला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "गेल्या साली तू आलास. बोललास, आपा, माज्या टुरिस्टांच्या गाड्या उन्हात उभ्या राहतात. पडकं घर ठेवून काय करताय? पाडा, जागा मला द्या. मी दिली. माज्या घरावर तुजं पार्किंग हाय, नसरू. आठ गाड्या मावतात, तूच फोटो पाठवलास."

नसरुद्दीनला तो फोटो आठवला. त्याने स्वतःच त्यावर हिरव्या रंगाचा अंगठा टाकला होता. तो जिन्यात येऊन बसला आणि त्याने तिसऱ्यांदा बायकोला फोन लावला. या खेपेला त्याने कुणाचाच उद्धार केला नाही. "आपांचंपण नाय जमलं," एवढंच म्हणाला. ताहेरुन्निसा म्हणाली, "बरं."

अल खोरच्या रस्त्यावर फोन तिसऱ्यांदा टिंगला. फेब्रुवारी. सूर्य खाली गेला होता, हरवंडीत तर मगरीबची अजान केव्हाच झाली असणार. नसरुद्दीनच्या डोळ्यांसमोर जियाद आला, तिकीटघराच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपलेला, आणि त्याला फार वाईट वाटलं. चाळीस बंद घरांच्या गावात आपल्याच पोराला घर नाही, आणि हा धडा सगळ्यांना पडदा लावून आपणच शिकवला.

"गाडी थांबव," तो म्हणाला. "खलास. माजंच घर देतो. तिन्ही महिने रद्द."

इथल्या कडक, दुधाळ करक चहाच्या टपरीशी गाडी उभी करून केरबा दोन कप घेऊन आला. नसरुद्दीनने ॲप उघडलं. ॲपने आधी धमकी दिली, की बुकिंग रद्द केलंत तर तुमचे स्टार जातील. त्याने मन घट्ट केलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच गुलाबी रंगावर बोट ठेवून आत कोण आहे ते बघितलं.

पाहुण्याचं नाव: रिफत. डिसेंबर, रिफत. जानेवारी, रिफत. फेब्रुवारी, रिफत. आणि एकूण रक्कम बघून त्याच्या नाकातून चहा आला.

"एवढ्यात तर वीस रात्रीपण मिळत नाय! तीन महिने कसे दिले ह्या ॲपनं?"

केरबाने मान वाकडी करून वाचलं. "ऐंशी टक्के सूट, महिनाभर राहणाऱ्यांसाठी. अवो, ही तर जूनमधली! पावसाळ्यात कुत्रंबी येत नाय म्हणून तुमी मला लावायला सांगितली."

"मग काढली का नाय?"

"लावा म्हणलाव. काढा कवा म्हणलाव?"

नसरुद्दीनने ताहेरुन्निसाला फोन लावला. तिने पहिल्या घंटीला उचलला, जणू हातात धरूनच बसली होती.

"तुला म्हायत होतं?"

"तुमचा एकेक नकार मी तिला सांगत होते," ताहेरुन्निसा म्हणाली. "पहिला आला तशी ती बोलली, अम्मी, सासऱ्यांनीच सांगितलंय ॲपवरून या, तर मग येते. एक महिना घेतला. दुसरा नकार आला, दुसरा घेतला. तुमी अजून दोघांना विचारलं असतं तर रमजानपण झाला असता."

"आनि नियम एक? स्थानिक ओळखपत्र?"

"तिचं ओळखपत्र खाडीपलीकडचं हाय. गावात कुणी खोलीच दिली नाय, पत्ता बदलणार कसा?"

नसरुद्दीनला राग यायला हवा होता, तो काही आला नाही. आधी लाज वाटली आणि मग चक्क बरं वाटलं. पोराचं लग्न होणार होतं, पत्रिका छापली जाणार होती, आणि स्टारही शाबूत होते. त्याने केरबाच्या पाठीवर थाप मारली आणि आणखी दोन चहा सांगितले. अर्धा चहा झाल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"केरबा, निकाहला मी जाणार. महिन्याची सुट्टी मंजूर हाय. झोपणार कुठं?"

"घरात."

"घर तिचं. नियम चार."

मग दोघांनी डोकी एकत्र घालून ॲपवर निरोप लिहिला, अगदी अदबीने: 'माननीय पाहुणे, मी तुमचा होस्ट. आपल्या मुक्कामात एक महिना राहण्याची परवानगी मिळेल काय?' उत्तर दोन मिनिटांत आलं.

'माननीय होस्ट, बुकिंगमध्ये सहा नावं बसतात. माझं, जियादचं आणि अम्मींचं टाकलं आहे. अम्मींना समुद्राकडची खोली. तुमचं नाव टाकते. ओळखपत्र पाठवा.'

नसरुद्दीनने ताबडतोब पासपोर्टच्या पत्त्याच्या पानाचा फोटो पाठवला.

'यावर पत्ता हरवंडीचा आहे. नियम एक बघावा.'

तो डोकं धरून बसला. केरबाने त्याच्या पाकिटातून कतारचं ओळखपत्र ओढून काढलं. "हे पाठवा की. इथले रहिवासी हाव, परदेशातून येणारे टुरिस्ट. नाय म्हणायची काय बिशाद!"

कार्ड पुढून-मागून पाठवलं. स्वतःच्या घरात शिरायला नसरुद्दीन परकार कतारचा झाला. थोड्या वेळाने फोन टिंगला.

'चालेल. स्वागत आहे. कधी पोचणार?'

'विमान पहाटेचं हाय. सकाळी आठला घरी,' त्याने लिहिलं.

यावेळी उत्तराला जरा वेळ लागला. पलीकडे सासू-सुनेचं काहीतरी खलबत चाललं असावं.

'चेक-इन दुपारी दोननंतर आहे. तोवर मागच्या पडवीत बसावं लागेल. तिथे पंखा नाही. अम्मी सांगतात, सवय होते.'