उंदरांचा फराळ

विठ्ठलने पिंजरा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला आणि बजावलं, "ह्यांना भिजवलेले गहू आणि पाणी, बस्स. दुसरं काही नाही. डॉक्टरसाहेबांची ताकीद आहे."

विठ्ठल ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत प्राण्यांची देखभाल करायचा. दिवाळीत तिथे रंगकाम निघालं, म्हणून हे तीन पांढरे उंदीर टेंभी नाक्यावरच्या चाळीत आले.

"एवढीशी पिल्लं? आई कुठाय ह्यांची?" त्याच्या बायकोने, गोदाने विचारलं.

"पिल्लं कसली! वयात आलेत. मेंदूखालची एक बारीक ग्रंथी काढलीये ह्यांची. तिच्यातल्या रसानं अंग वाढतं. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांना त्या रसाची सुई टोचतात, ते वाढतात. ह्यांना टोचत नाहीत."

"का? ह्यांनी काय घोडं मारलंय?"

"अगं, त्याशिवाय फरक कळणार कसा?"

गोदाला हा न्याय पटला नाही. विठ्ठल रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला गेला आणि पिंजऱ्यात करंजीचा तुकडा पडला. मग चकली. मग बेसनाचा लाडू. शेजारच्या विमलाबाई डोकावल्या.

"तेलकट कसलं देतेस? नाचणीचं सत्त्व दे. आमच्या गणूनं त्यावरच अंग धरलं."

सत्त्व झालं. गणूच्या बाटलीतलं उरलेलं कॉड लिव्हरचं तेल आलं. समोरची मालन बाळगुटी उगाळून घेऊन आली, त्या गुटीने उंदीर दुपारभर झोपले. भाऊबीजेला आलेले पाहुणेसुद्धा आधी पिंजऱ्यापाशी जाऊ लागले. "मधला जरा भरलाय हो," असं कुणी म्हटलं की गोदाचा चेहरा उजळायचा.

सुट्टी संपायच्या दिवशी विठ्ठलला उंदरांच्या तेलकट मिशा दिसल्या.

"गोदे, काय केलंस हे? नोकरी जाईल माझी!"

गोदा म्हणाली, "आपल्या लेकाच्या, आनंदच्या वेळी सगळे काय म्हणायचे? आईचा हात आखडता, म्हणून पोर वाढेना. चार वर्षांचा झाला तरी पाळण्यात मावायचा. तसाच गेला. ह्या खेपेला मला हात आखडता घ्यायचा नव्हता."

विठ्ठल तिच्याशेजारी पिंजऱ्यापाशी बसला.

सकाळी गोदा त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत गेली आणि डॉक्टर गुप्त्यांना सगळं सांगून मोकळी झाली.

"फराळ? उंदरांना?" डॉक्टर कडाडले. त्यांनी एकेकाला काट्यावर ठेवलं. मग चष्मा पुसून पुन्हा ठेवलं. "कमाल आहे. गुंजभरसुद्धा वाढले नाहीत!"

"एवढं भरवून?"

"सोन्याचा घास भरवला असतात तरी वाढले नसते, बाई. ग्रंथीच नाही, नुसतं अन्न काय करणार? सुई दिलेल्यांचं अंग वाढतं, आणि आतलं काळीज, मूत्रपिंडंसुद्धा त्या मानानं मोठी होतात."

"माणसाचंही असंच असतं?"

"काही मुलांची ती ग्रंथी जन्मतःच दुबळी असते. आईनं कितीही केलं तरी ती लहानच राहतात."

गोदाने आनंदबद्दल सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "न पाहता कसं सांगू? पण तुम्ही भरवण्यात कमी पडला असाल, असं ह्या तिघांकडे बघून तरी वाटत नाही." मग विठ्ठलकडे वळून म्हणाले, "हे आता माझ्या कामाचे राहिले नाहीत. पुढच्या सुट्टीत उंदीर तुझ्याकडे नाही, माझ्या घरी जातील."

गोदा चाळीत शिरली तशा विमलाबाई पुढे आल्या. "वाढले का गं?"

"नाही!" गोदा इतक्या मोठ्याने म्हणाली की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. "सगळ्यांनी मिळून एवढं भरवलं, तरी गुंजभर नाही वाढले!"

आणि जिन्याच्या पायरीवर बसून ती हमसाहमशी रडू लागली.

"अगं, उंदरांसाठी कुणी इतकं रडतं का?" विमलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुझ्याकडून काही कमी झालं नाही हो."

"नाही ना?" गोदा म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा."