बशीरच्या खुणा

आमच्या वरच्या खोलीत राहणारा बशीर लागोपाठ दोनदा एकाच दारानं कधी आत आला नाही. आज पुढून, उद्या मागून. एकदा तर शेजारच्या गच्चीवरून, वाळत घातलेलं धुणं सारत. "वापरल्याबिगर चालतंय म्हणायचं न्हाय, काकू," हे त्याचं पालुपद. पाहुण्यांसाठी मी बारा वर्षं जपलेला कप त्यानं हट्टानं कपाटातून काढायला लावला आणि तो तळातून गळला. पँट भिजली तरी स्वारी खूश. "बघा, घावलं की!"

मुलांनो, बटणांच्या मोबाइलच्या त्या काळात हा कोल्हापुरात बसून पुण्याच्या एका कंपनीचे प्रोग्रॅम तपासायचा. मी त्याच्याकडून नीट समजावून घेतलं होतं. तयार प्रोग्रॅममध्ये, मूळ लिखाणाला हात न लावता, तो जागोजागी बारीक खुणा घालायचा. प्रोग्रॅम जिथून जाईल तिथली खूण नोंदली जायची. मग कळायचं, कुठला भाग कधी चाललाच नाही. "शिवलेला सदरा न उसवता आतनं टाकं घालायचं," तो म्हणायचा. त्याचे वडील मलकापुरात शिंपीकाम करत.

आई गेली तेव्हा बशीर वेळेवर पोहोचला नव्हता. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं कामापुरतं. वडिलांची नजर अधू झाल्यावर त्यानं त्यांच्या मोबाइलसाठी प्रोग्रॅम लिहिला: मोठी अक्षरं, गोळ्यांची आठवण, आणि बशीरला फोन लावायचं एक बटण. चुकून लागू नये म्हणून ते बटण आधी विचारायचं, "फोन लावू का?" सवयीप्रमाणे यातही खुणा होत्याच.

चार महिन्यांत वडिलांचा एकही फोन आला नाही. बटणच बिघडलं असणार, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी मलकापूरला जाऊन त्यानं खुणा उतरवून आणल्या आणि तो कागद घेऊन माझ्यासमोर बसला. चहाला नको म्हणाला.

बटण चांगलं होतं. वडील ते जवळजवळ रोज दाबत होते. प्रश्न यायचा आणि दर वेळी ते "नाही" दाबायचे. "हो"ची खूण कोरी होती.

मी माझ्या परीनं सरळ तोडगा सुचवला. तो प्रश्नच काढून टाक, बटण दाबलं की थेट फोन लागू दे.

बशीरनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"नको, काकू. आत्ता रोज हितपर्यंत तरी येत्यात. प्रश्न काढला, तर बटणाला बी हात लावायचे न्हाईत."