केसरबाईंच्या पेटीचा खर्ज सोडविल्याची कैफियत

सकल श्रोतेजनांस जयभीम. गुलमंडीचे रेडिओ दुरुस्त करणारे कचरूजी यांणी एफईटी ऐसा परका सरदार आपले अॅम्प्लिफायरात कैसा येऊ दिला, हे पुसिलेत. तरी जैसे घडले तैसे लिहितो.

कचरूजी बीजेटी घराण्याचे पुरातन इमानी. त्यांचे अॅम्प्लिफायरात तमाम ट्रान्झिस्टर बीजेटी, आणि त्यांची रीत ऐसी की बेसचे दरवाजी थोडा करंट नजराणा पोचला म्हणजे मागील मोठी फौज सोडावी. नजराणा घेऊन काम खचित करितात, हेच त्यांचे आणि कचेरीचे अंतर. परंतु कचरूजींचा कबिला केसरबाई तीस वर्षे विहारात पेटी वाजवीत, आणि पेटीस चिकटविलेला चपटा माईक बहुत दुबळा, त्याची ताकद नजराण्यातच सरे, आणि मग खर्ज बुडून आवाज पत्र्याचे डब्यागत निघे. कचरूजी म्हणत, पेटीच जुनी.

औंदा विहार कमिटीने ठराव केला की, भीमजयंतीस पेटी धड न वाजल्यास पुढे बिडकीनचा डीजे कायम करावा. केसरबाईंनी पेटी पुसून ठेविली. ते कचरूजींचे काळजास लागले.

मग कन्या विशाखाबाई, इंजिनिअरिंगचे तिसरे वर्षी, यांणी मसलत दिली की, माईकाचे तोंडी एफईटी, म्हणजे दुसरे जातीचा ट्रान्झिस्टर, नेमावा. त्याचे गेटास व्होल्टेजाचा नुसता इशारा पुरे, करंट मागत नाही. मात्र नाजूक, अंगचे ठिणगीने मरतो, सबब कोणी हात लावू नये. दोन नग आणिले. कचरूजींनी टेरिकॉटचे सदऱ्यानिशी एक चिमटीत धरिला, एप्रिलची कोरडी हवा, चट् ऐसे जाहले आणि सरदार जागीच ठार.

"असला कसला गडी? बोट लागलं की मेला!" कचरूजी वदले, आणि मनी सुखावले.

"बाबा, सदरा काढा अन् आधी नळाला हात लावून अंगातली वीज उतरू द्या," ऐसा हुकूम सुटला.

आता एकच नग उरला, जयंतीचे दिवशीच पाचाचा सुमार जाहला, आणि सोल्डरचा हात कचरूजींइतका स्थिर कोणाचा नाही. कचरूजींचे मनी पाप आले की, चुकून बोट लागले तर बीजेटीची अब्रू राहील आणि दोषही नाही. मग नजर पुसून ठेविलेल्या पेटीकडे गेली. तेव्हा खासा बनियनवर उठले, नळ घट्ट धरिला, आणि येऊन श्वास रोखून एफईटी बसविला. लाऊडस्पीकरास रेटा देण्याची चाकरी बीजेटीकडेच कायम ठेविली.

सायंकाळी विहारात पेटी वाजली, आणि खर्ज ऐसा भरून आला की कमिटीवाले माना डोलवू लागले. कचरूजी धावत पेटीपाशी गेले.

"हा सूर कवा शिकलीस गं?"

"तीस वर्सं वाजवायले मी," केसरबाई वदल्या. "तुमाला आज आयकू आलं व्हय?"

कचरूजी तेथेच सतरंजीवर बसले.

येणेप्रमाणे एफईटीची फत्ते जाहली, बीजेटी कामावर बहाल राहिले, डीजे बिडकिनीतच राहिला. शिकस्त एका कचरूजींचे कानांची, ती त्यांणी कबूल केली. येथे शाई वाळली.