ढाल सरळ, गाडी गोल

"मिस्त्री कशाला पाहिजे? आमच्या आजोबांनी तोफा सरळ केल्या, मला एक स्टिअरिंग सरळ करता येत नाही?" असं म्हणून अप्पासाहेबांनी भर लग्नाच्या दिवशी पाना उचलला!

त्यांच्या जुन्या अमेरिकन मोटारीचं पॉवर स्टिअरिंग कालच दुरुस्त होऊन आलं होतं. एका बोटानं वळायचं. गाडी अगदी नाकासमोर चालायची, फक्त स्टिअरिंग तिरपं बसलं होतं. आणि त्याच्या मधोमध होती आजोबांना दरबारातून मिळालेली पितळी ढाल-तलवार! ती बिचारी कुशीवर झोपलेली.

तेवढंही चाललं असतं. पण लेकीच्या, प्रमोदिनीच्या नवरदेवाला आणायला ते इंदूरच्या पलासिया चौकातल्या जानवसघरी पोचले, आणि महूचे व्याही जयसिंगराव गाडीत डोकावून म्हणाले, "क्या बात है व्याही, तलवार पडली वाटतं तुमची!"

झालं! नवरदेवाला मुंडावळ्या बांधून होईपर्यंत अप्पासाहेबांनी नट काढला, स्टिअरिंग उपटलं आणि ढाल ताठ उभी करून पुन्हा ठोकून बसवलं. बँडवाल्यांचा ढोल चुकवून गाडी लावताना पुढची चाकं उजवीकडे वळलेली राहिली होती, हे बघायचं मात्र राहूनच गेलं.

"बसा जयसिंगराव! बघा आता आमची तलवार!"

मागे जयसिंगराव आणि नवरदेव बसले, पुढे अप्पासाहेबांशेजारी त्यांच्या पत्नी भानुमतीबाई. बँड वाजला. ढाल छातीसमोर धरून अप्पासाहेब निघाले आणि गाडीनं चौकाला सुरेख गोल फेरी मारली! मग दुसरी. मग तिसरी!

"अहो, मांडव तिकडे आहे!" भानुमतीबाई ओरडल्या.

"दिसतंय मला! पण सरळ जायचं तर ढाल उलटी करावी लागतेय!"

"मग करा की!"

"व्याह्यांच्या देखत? आजोबांची ढाल? जमणार नाही!"

इकडे मुहूर्त टळायला आला, तिकडे बँड मात्र रंगात आला. महूचं वऱ्हाड गाडीमागे गोल गोल नाचू लागलं. पानवाला दुकान सोडून नाचात शिरला. "वा भिया, वा! मजा आ गया!" तो ओरडला. जयसिंगरावांचे डोळे पाणावले. "काय रिवाज आहे तुमचा इंदूरचा! नवरदेवाची चौकाला प्रदक्षिणा! आमच्या महूत नाही हो असं!"

"लग्न लागायचंय माझ्या पोरीचं!" भानुमतीबाईंनी खांद्यावरचा जरीचा शेला काढला आणि धाडकन ढालीवर टाकला. "आता दिसते का? नाही ना? मग हाका सरळ!"

अप्पासाहेबांनी शेल्याखाली ढाल उलटी केली, आणि गाडी बाणासारखी सुटली! मुहूर्त टळू नये म्हणून भटजींनी मंगलाष्टकं आधीच सुरू केली होती; शेवटचं चालू असताना नवरदेव मांडवात पोचला. अक्षता पडल्या तेव्हा अप्पासाहेबांच्या जिवात जीव आला.

जेवणं होईतो मात्र त्यांनी पुन्हा पाना काढला. या वेळी आधी पुढची चाकं सरळ केली, मग ढाल. दोन्ही सरळ! काय तो आनंद! नवरा-नवरीला आणि व्याह्यांना घेऊन ते महूच्या वाटेला लागले. पलासियाचा चौक आला. गाडी नाकासमोर, ढाल ताठ, मान त्याहून ताठ!

मागून जयसिंगराव घुश्शात म्हणाले, "हे काय व्याही? येताना फेऱ्या, जाताना नाही? अर्धाच रिवाज? आमच्या सूनबाईचा काही मान है की नहीं?"

अप्पासाहेबांनी एक सुस्कारा टाकला, आणि एवढ्या मेहनतीनं सरळ केलेली ढाल स्वतःच्या हातानं वाकडी केली.