राणीच्या काळातली बैठक

मे महिन्यात तेलगावात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी आमचे शेजारी सोपानकाका काळा कोट घालून शेकोटीसमोर बसलेले असतात. शेकोटी म्हणजे भिंतीत कोरलेला मोठा कोनाडा, त्यात रचलेली लाकडं आणि लाकडांखाली लाल दिवा. "काका, उकडत नाही का?" म्हटलं, तर म्हणतात, "लंडनात थंडी लई असती."

काका आयुष्यभर लाल गाडीवर कंडक्टर होते. सुटे पैसे हाताळून बोटं अशी तयार झाली की रुपया कधी दिसेनासा झाला आणि कधी प्रवाशाच्या टोपीतून निघाला, हे कुणालाच कळायचं नाही. संध्याकाळी घरच्या बैठकीतही हेच चालायचं. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जादूगारांची चित्रं पाहिली. ते म्हणे घरातल्याच दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर जादू करायचे. झालं, काकांनी बैठक फोडायला घेतली.

दोन वर्षांनी त्यांनी मला आत बोलावलं. खरं सांगतो, मी उंबऱ्यावरच थांबलो. मंडपवाल्याकडून आणलेल्या मखमलीचे मरून पडदे, भिंतभर काकांनी स्वतः रंगवलेली वेलबुट्टी, पितळी झुंबर, गोल पायांच्या आठ सागवानी खुर्च्या. आमच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडला लागून, इतकं देखणं काही असेल हे मला पटेना.

"पुढं सरका, पुढं जागा हाय," काका सवयीनं म्हणाले.

त्यांनी मला आठही खुर्च्यांवर बसवून माझ्या डोळ्यांची उंची टेपनं मोजली. जादूच्या टेबलाला झालर होती आणि झालरीमागे कापडी पिशवी. खुर्चीवर बसलेल्याला ती दिसता कामा नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

"पण लंडनच कावून, काका?" मी विचारलं.

काकांनी टेप गुंडाळली. "तुझी काकू," ते म्हणाले.

मग मला उलगडलं. बैठकीत पुरुष बसायचे. काकांचे थोरले भाऊ आबा समोर असले की गोदाकाकू डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या. आणि ते दार बरोबर काकांच्या पाठीमागे.

"तीस वर्सं तिनं माझी पाठच बघितली. रुपया कुठं लपतोय ते तिला समदं दिसतं. एकदा तरी समोरून बघावं तिनं. लंडनात बायका पहिल्या रांगेत बसायच्या म्हणून लंडन."

"मग नुसतं बस म्हणायचं की."

"म्हणलं. आबांसमोर खुर्चीवर कशी बसू, म्हणती."

रविवारी पहिला खेळ झाला. आबा आणि गल्लीतले पाचसहा जण आले. सागवानी खुर्च्या पाहून त्यांना वाटलं, कुणी प्रमुख पाहुणे यायचे आहेत. त्यांनी अदबीनं खुर्च्या भिंतीला लावल्या आणि गालिच्यावर मांडी घालून बसले. काकांनी रुमालाखालचं अंडं गायब केलं, तेव्हा आबांची नजर खालून थेट झालरीच्या आत गेली.

"सोपाना, खाली पिशवी हाय बघ. अंडं तिच्यात पडलं."

सगळे पोट धरून हसले. काकू दाराआडच राहिल्या होत्या. काकांनी कोट काढून खुंटीला लावला. मलाही त्या हसण्यात सामील झाल्याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी दारावर पाटी होती: 'या खोलीत राणीचा कायदा लागू. जमिनीवर बसण्यास सक्त मनाई.' सगळे मुकाट खुर्च्यांवर बसले. आबा तर तापलेल्या तव्यावर बसल्यासारखे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेवढी रिकामी होती.

काका उभे, हातात रुपया, पण सुरुवातच करेनात.

"कावून थांबलास बे?" आबा म्हणाले.

"एक पाशिंजर राहिलंय."

आबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"गोदावरी, ये बाई," ते म्हणाले. "पाटीवर कायदाच लिवलाय. त्याच्यापुढं माझं बी काय चालतंय?"

काकू आल्या. पदर कपाळापर्यंत ओढून खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या. काकांनी रुपया डाव्या मुठीत ठेवला, फुंकर घातली आणि मूठ उघडली. काहीच नाही. काकूंनी सवयीनं उजव्या हाताकडे पाहिलं, कारण तिथं तो असतोच हे त्यांना पाठ होतं. तिथंही काही दिसेना. त्या हळूहळू पुढं झुकल्या. पदर मागे सरकला, तेही त्यांना कळलं नाही.

"आगं बया," त्या पुटपुटल्या. "अन् मला इतकी वर्सं वाटायचं, लोकं एवढ्यात कशी फसतेत."

आता तो रुपया आबांच्या मिशीतून निघायचा होता. पण काकांची नजर काकूंवरच राहिली आणि जन्मात पहिल्यांदा रुपया त्यांच्या हातातून सुटून गालिच्यावर पडला. कुणी हसलं नाही. आबा भिंतीवरची वेलबुट्टी निरखू लागले.

काकूंनी वाकून रुपया उचलला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"पुन्यांदा करा," त्या म्हणाल्या. "मी काईच बघितलं न्हाई."