मावशींच्या रश्शाचं मीठ

नेमके कारखान्याचे साहेब रस्सा चाखायला येणार, त्याच दिवशी खानावळवाल्या मावशींचं नाक चोंदलं. साहेबांना चव पटली तर कामगारांचं रोजचं जेवण मावशींकडे. नाही तर महिनाअखेर खानावळीला कुलूप. आणि मावशींच्या जिभेला मीठ-साखर सारखीच लागत होती.

पण चार दुकानांचं मागचं अंगण एक होतं, आणि शेजाऱ्याच्या पातेल्यात चमचा घालायची सगळ्यांना मुभा. साडी बदलायला जाताना मावशी ओरडल्या, "मिठाचं जरा बघा रे कुणीतरी!"

कुणीतरी म्हणजे सगळ्यांनी बघितलं. समुद्राकाठच्या मासेवाल्या ताईंनी, "अगं बाई, अळणी!" म्हणत मूठभर मीठ सोडलं. मग डोंगराकडच्या पाववाल्याने वरवरचा चमचा चाखून आपल्या मुलखाच्या मापाने घातलं. वाळवंटाकडच्या चहावाल्या काकांनीही हात सैल सोडला, पण ढवळलं फक्त त्यांनी. ढवळून चाखलं आणि डोळे पांढरे केले.

"ताई, तुमचं माहेर आलंय पातेल्यात!"

साडी बदलून आलेल्या मावशी मटकन खाली बसल्या. "माझी खानावळ बुडवलीत रे!"

"रडू नका हो," ताई म्हणाल्या. "माझा भात बिनमिठाचा आहे, त्यात जिरवते थोडा रस्सा."

पाववाल्याने घट्ट भाग अळणी कणकेत भरून भट्टीत सरकवला. काकांनी उरलेल्यात गाडगंभर दही ओतलं. रस्सा म्हणून काही उरलाच नाही.

साहेब आले ते ड्रायव्हर, वॉचमन आणि कारकुनाला घेऊन. तिघे तीन मुलखांचे. मावशींनी देवाचं नाव घेत तिन्ही पदार्थ मांडले. कुणी भात ओढला, कुणी भरला पाव, कुणी दह्याची वाटी. बघता बघता ताटं लख्ख झाली.

"उद्यापासून सुरू करा," साहेब म्हणाले. "एकाच स्वयंपाकघरात तिघांचंही जमलं, असं पहिल्यांदाच बघतोय."

मावशींच्या जिवात जीव आला. "पण साहेब, तुम्ही घासही घेतला नाहीत?"

"काय उपयोग? परवापासून सर्दी आहे," साहेब नाक पुसत म्हणाले. "म्हणून तर या तिघांना आणलं. तुम्हाला कसं वाटलं?"

मावशींनी पदर नाकाला लावला. "छानच झालंय म्हणे!"